काकूंचं बोलणं

संगणकाने पुन्हा तेच सांगितलं: ही फाइल घेता येत नाही. खाली एकच बटण, त्यावर लिहिलेलं ‘ठीक आहे’. यात ठीक काय आहे ते त्या सॉफ्टवेअरवाल्यालाच ठाऊक. पण दुसरं काही दाबण्यासारखं नव्हतंच, म्हणून काकांनी तेच दाबलं आणि पुढची फाइल ओढून आणली. तिचंही तेच रडगाणं.

काका म्हणजे स्टोअरकाका. एका कारखान्याचं स्टोअर त्यांनी उभा जन्म सांभाळलं. ते तिथून निवृत्त झाले, पण स्टोअर काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. घरात स्क्रू वेगळ्या डबीत, वायसर वेगळ्या डबीत आणि प्रत्येक डबीवर चिठ्ठी. माणूस मोजकं बोलणारा. ‘हं’ म्हटलं तरी त्यांना भाषण केल्यासारखं वाटे. उलट काकूंच्या तोंडाचा पट्टा सकाळी जो सुरू होई तो दिवा घालवल्यावरही थोडा वेळ चालूच राही. काका महिन्याभरात जेवढं बोलत तेवढं काकू भाजीवाल्याशी एका पिशवीत बोलून येत. ही जोडी जमली कशी असं कुणी विचारलंच, तर त्या म्हणत, काय करू, यांच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं.

आणि नेमकी त्याच काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की जीव वाचेल पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही. काका बसल्या जागी गार पडले. काकूंनी मात्र डॉक्टरांनाच विचारलं, की मग आधी बोलून घ्यायला किती दिवस देता.

ती वर्षं अशी, की मोबाइलवर नुसतं बोलता यायचं, बोललेलं ठेवता यायचं नाही. म्हणून काकूंच्या धाकट्या भावाकडून कॅमेरा आणला. भाऊ शूटिंगवाला, लग्नकार्यं टिपणारा. कुठल्याशा टीव्हीवाल्याने विकायला काढलेला जुना, दणकट कॅमेरा त्याने घेऊन ठेवला होता. काकू खिडकीपाशी खुर्ची टाकून दोन दिवस बोलत राहिल्या. लेकीसाठी बोलल्या, भावासाठी बोलल्या, नातीला गोष्टींवर गोष्टी सांगितल्या, शेजारणीशी अर्धवट राहिलेलं भांडणसुद्धा पुरं करून टाकलं. कॅमेरा काकांनी सांभाळला. ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून काकू एवढंच म्हणाल्या, “माझं बोलणं सांभाळा हो.” आवाजातलं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर नुसती पाटी आणि खडू.

उद्या त्या घरी यायच्या होत्या. लेक आणि नात दवाखान्यातच त्यांच्याजवळ होत्या. काकूंनी पाटीवर लिहून बजावलं होतं, की घरात पाऊल टाकलं की सगळ्यांनी बसायचं आणि आधी माझं बोलणं ऐकायचं. म्हणून काका सकाळपासून सगळे तुकडे जोडून त्याची एक सलग फिल्म करायला बसले होते, आणि सॉफ्टवेअर एकही तुकडा आत घेईना.

काकांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. सॉफ्टवेअर काढून टाकून परत घातलं. फाइलींची नावं बदलून पाहिली, दुसऱ्या डिस्कवर नेऊन पाहिली. शेवटी सॉफ्टवेअरचा नाद सोडून त्यांनी एक फाइल साध्या व्हिडिओ प्लेअरवर टाकली. ती उघडली. काकू दिसल्या. खिडकी, खुर्ची, खांद्यावरून घेतलेला पदर, सगळं लख्ख. त्या हात उडवून काहीतरी सांगत होत्या, आणि आवाज नव्हता.

त्यांनी स्पीकरची वायर काढून पुन्हा खोचली. हेडफोन लावले. एक जुनं गाणं लावून बघितलं, तर ते ठणठणीत वाजलं. मग दुसरी फाइल, तिसरी, चौथी. प्रत्येकीत काकूंचे ओठ हलत होते आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर. ऑपरेशनआधी त्यांनी या बाईला कधी गप्प बघितलं नव्हतं, झोपेतसुद्धा. आणि आता समोर ती बोलत होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं. दवाखान्यात पाटी घेऊन बसलेल्या काकूंना बघूनही ते इतके घाबरले नव्हते.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. शूटिंगवाला आधी हसलाच. म्हणाला, भावजी, त्यात काय एवढं, जुना कॅमेरा आहे, त्याचे नखरे असतात. कार्डावरचं सगळं जसंच्या तसं संगणकावर उतरवून घेतलंत ना, तेवढं सांगा. काका म्हणाले, घेतलं होतं. मग नंतर काय केलंत, असं त्याने विचारलं. काकांनी सांगितलं, की नंतर आवरलं.

“आवरलं म्हणजे?” पलीकडून प्रश्न आला.

आवरलं म्हणजे काय केलं, ते काकांनी सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचं त्यांनाच कळत गेलं. कार्डावर फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, नावं सगळी अगम्य. अशी अडगळ स्टोअरकाकांना कशी सोसणार? त्यांनी फोल्डर उघडून बघण्याच्या भानगडीत न पडता सगळ्या फाइली एका यादीत पसरल्या आणि आकाराप्रमाणे लावल्या. वरती मोठ्या फाइली, खाली बारीकसारीक ढीगभर. स्टोअरचा हिशेब साधा: मोठा तो माल, बारीक तो भुसा. मोठ्या फाइली उचलून त्यांनी ‘बोलणं’ नावाच्या नव्या फोल्डरमध्ये ठेवल्या, त्यांना छान नावं दिली आणि बाकीचा भुसा झाडून टाकला.

शूटिंगवाला हळू आवाजात म्हणाला, “भावजी, या कॅमेऱ्यात चित्र वेगळं लिहिलं जातं आणि आवाज वेगळा. चित्राच्या फाइली मोठ्या. आवाजाच्या बारीक.”

दोघांची गाठ मारणाऱ्या आणखी बारीक फाइली असतात, त्याच नाहीत म्हणून सॉफ्टवेअर चित्रही आत घेत नाही, असं तो पुढे सांगत होता. पण काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी भुसा म्हणून काकूंचा आवाज झाडून टाकला होता. डॉक्टरांनी तो एकदा काढला होता, आणि यांनी दुसऱ्यांदा.

मग एकेक दार ठोठावून झालं. संगणकाची कचऱ्याची टोपली काका रोज संध्याकाळी रिकामी करत, जसं स्टोअर बंद करताना झाडून घेत तसं. बरं, पुसलेल्या फाइली डिस्कच्या पोटात काही दिवस पडून असतात म्हणावं, तर काकांनी वर डिस्कवरचा माल सरकवून नीट रचून घेण्याचं कामही केलं होतं; रिकाम्या जागा कधीच भरून गेल्या होत्या. राहिलं कॅमेऱ्याचं कार्ड. पण उसनं आणलेलं भांडं घासूनच परत करावं ही त्यांच्या आईची शिकवण, म्हणून कार्डही साफ पुसून त्यांनी मेहुण्याला दिलं होतं. आणि मेहुण्याने त्यावर एक लग्न टिपलं होतं. माणसाने नीटनेटकं असावं, पण किती? इतका पद्धतशीर नाश एखाद्या वेंधळ्याला जमलाच नसता.

मेहुणा म्हणाला, डिस्क घेऊन इकडे या, कार्ड माझ्याकडे आहे, बघू काय निघतंय.

त्याचा स्टुडिओ म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. भिंतीला काळे पडदे, कोपऱ्यात दिव्यांचे स्टँड, टेबलावर वायरींचा गुंता. एरवी काकांचा हात त्या गुंत्याकडे आपोआप गेला असता. आज त्यांनी हात मांडीखाली घेतले. शूटिंगवाल्याने कार्ड लावलं, पुसलेल्या फाइली हुडकणारं सॉफ्टवेअर चालू केलं, आणि एक निळी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. तो काकांना एका शब्दाने रागावला नाही. रागावला असता तर बरं, असं काकांना वाटत होतं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, की माझ्याकडेही ताईचा आवाज कुठेच नाही. गावभरच्या लोकांची शूटिंगं केली, घरच्यांचं राहून गेलं. घरच्या लग्नातही ताई कॅमेऱ्यासमोर बडबडली की तो तुकडा कापायचो, त्यावर गाणं टाकायचो. एवढं बोलून तो पुन्हा पट्टीकडे बघत बसला.

पट्टी सरकेना म्हणून त्याने काकांच्या डिस्कवरची एक चित्रफीत लावली. काकू ओठ हलवत, बोट नाचवत कुणाला तरी दटावत होत्या. तो म्हणाला, आवाज नाही तर नाही, तुम्ही समोरच होतात ना, काय काय म्हणाली ते तुम्ही सांगा, मी लिहून घेतो, खाली अक्षरं टाकू. वाचून तरी दाखवू तिला.

काकांनी तोंड उघडलं. त्यांना काहीही आठवत नव्हतं. दोन दिवस ते त्या खोलीत होते, पण कॅमेऱ्याच्या मागे. बॅटरी किती उरली, कार्डात जागा किती, उजेड कुठून येतोय, हेच बघत होते. बोलणं रेकॉर्ड होतंय म्हटल्यावर ऐकायची गरज काय? नंतर निवांत ऐकू. तसंही काकूंचं बोलणं ऐकायची त्यांना सवय कुठे होती. त्या बोलण्यात ते राहत होते, एवढंच. काकांनी डोळे बारीक करून पडद्यावरच्या ओठांकडे पाहिलं. एक ‘अहो’ ओळखता आला. तो त्यांना कुठेही ओळखता आला असता. पुढचं काही लागलं नाही.

इतक्यात लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी एक दिवस आधीच सोडलं होतं. आई खूश आहे, संध्याकाळपर्यंत पोचतो, आणि हो, आईने पाटीवर लिहिलंय, की टीव्ही जोडून ठेवा. काका ‘हं’ म्हणाले.

निळी पट्टी शेवटाला पोचली. लग्नच लग्न निघालं. हार, अक्षता, जेवणाच्या पंगती. नव्या शूटिंगने कार्ड पुढून भरत नेलं होतं आणि काकूंचं सगळं त्याखाली गाडलं गेलं होतं. फक्त अगदी शेपटाकडे थोडी जागा लग्नाला लागली नव्हती. तिथून एक आवाजाची फाइल जिवंत निघाली. बारीकशी, काकांच्या भाषेत भुसा.

शूटिंगवाल्याने ती लावली. आधी नुसती खरखर. खुर्ची करकरली. मग एक पुरुषाचा आवाज आला, कोरडा, घाईतला, “बास आता. गप्प बस जरा.” काकांना आपला आवाज ओळखायला क्षणभर लागला. मागून तोच आवाज म्हणाला, घशाला ताण पडतोय, पाणी आणतो. आणि पावलं दूर गेली. कॅमेरा बंद करायला ते विसरले होते.

मग काकू बोलल्या. घोगऱ्या, दमलेल्या, पण काकूच.

“गेले. आता खरं सांगते. दोन दिवस हसून बोलले, पण मला भीती वाटतेय. कापाकापीची नाही हो. आमच्या घरात मी बोलते म्हणून बोलणं आहे. मी थांबले की हेही थांबतील. मला जपतील, औषधं वेळेवर देतील, डबीवर चिठ्ठी लावतील, आणि दोघं भिंतींसारखे समोरासमोर बसू. त्याची भीती वाटते. बिचारी म्हणून कुणी माझ्याशी भांडणं सोडू नये. भांडा म्हणावं. मी काहीतरी करून उत्तर देईन.”

पावलं जवळ आली. काकूंचा सूर पटकन बदलला. “आलात? नाही हो, कुणाशी बोलणार, भिंतीशी बोलत होते.” पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज झाला आणि फाइल संपली.

मग शूटिंगवाल्याने नाक पुसलं, ती फाइल एका सीडीवर उतरवली आणि काकांच्या हातात दिली. खाली सोडायला आला तेव्हा जिन्यात तो म्हणाला, “भावजी, कॅमेरा बिघडला होता म्हणून सांगा. माझ्यावर ढकला. मला काय, ताई एक टपली मारेल.” काकांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी टीव्ही जोडला, खुर्च्या मांडल्या. मनात सगळं ठरलं होतं: कॅमेरा जुना, बिघडला, कुणाचा दोष नाही. एक वाक्य. तेवढं तर त्यांना बोलता येईल. काकू रागावतील भावावर, दोन दिवसांत विसरतील. आणि मग? मग घरात पंखा फिरेल. त्या पाटीवर लिहितील ‘चहा’, हे ‘हं’ म्हणतील. काकांना पहिल्यांदाच ते घर आतून दिसलं, काकूंना दोन दिवस दिसत होतं तसं.

दारात गाडी थांबली. लेकीने हाताला धरून काकूंना आत आणलं. काकू निम्म्या झाल्या होत्या. गळ्याशी पांढरी पट्टी, तिच्यामागून श्वास येता-जाताना बारीक फुसफुस ऐकू येत होती. त्यांनी घरावर एक नजर फिरवली, खुर्चीत बसल्या, नातीला मांडीशी ओढलं आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. लावा.

काका टीव्हीपाशी उभे होते. हात रिमोटवर, दुसरा हात खिशातल्या सीडीवर. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते वाक्य जिभेवर होतं.

“सगळं गेलं,” काका म्हणाले. “मी घालवलं.”

मग त्यांना थांबताच येईना. आवरायला बसलो इथपासून त्यांनी सुरुवात केली. मोठा माल, बारीक भुसा, रिकामी केलेली टोपली, घासून परत केलेलं कार्ड, सगळं सांगितलं. कॅमेरा चांगला होता, तुझा भाऊ चांगला आहे, मीच नालायक. समोर बसलो होतो तरी ऐकलं नाही, एक शब्द आठवत नाही. चित्र आहे, आवाज नाही. एक तुकडा तेवढा उरला. मी पाणी आणायला गेलो होतो तो. लेक तोंडावर हात ठेवून ऐकत होती. बाबांना एका दमात इतकं बोलताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

तो तुकडा यांनी ऐकलाय हे कळताच काकूंचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. काका घाबरले. त्यांना वाटलं, आता ही रडेल. आणि ही रडली तर तेही ऐकू येणार नाही.

काकू रडल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या, पाटी बाजूला ढकलली आणि सुरू झाल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. हात उडत होते, बोट नाचत होतं, ओठ एकामागून एक शब्द फेकत होते. गळ्याच्या पट्टीतून फक्त वारा फसफसत होता. लेक घाबरून पुढे झाली, आई, ताण नको, पाटी घे म्हणाली. आई काय म्हणतेय हे तिला कळेना. नात आजीच्या पदराला चिकटली.

काका तसेच उभे होते. जन्मभर अशा वेळी ते काय करत? डबा उचलत, दुसऱ्या खोलीत जात, एखादा स्क्रू शोधत. या वेळी त्यांनी रिमोट खाली ठेवला, दोन पावलं पुढे आले आणि काकूंच्या ओठांकडे बघायला लागले. नुसते बघत राहिले. ‘अहो’ लागला. मग त्याच्या पुढचं लागलं.

“माळ्यावरचं तुझं शिवणयंत्र मी आपल्या मनाने भंगारात दिलं नव्हतं,” काका म्हणाले. “ते तूच दे म्हणाली होतीस.”

काकू क्षणभर थबकल्या. मग त्यांचे डोळे मोठे झाले आणि ओठ दुप्पट वेगाने हलू लागले.

“म्हणाली होतीस. मला आठवतंय. आणि पोरीची दुधाची बाटली मी टाकली ती फुटकी होती म्हणून. फुटकीच होती. नाही, मी कोडगा नाही. बरं, आहे. पण ती बाटली फुटकी होती.”

“बाबा,” लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, “अहो ती आजारी आहे.”

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही, कारण नजर हलली असती तर एखादा शब्द निसटला असता. ते बोलतच राहिले. काकू ऐकून ऐकून थकल्या, छातीवर हात ठेवून खुर्चीत टेकल्या, आणि मग त्यांनी तो हात वर करून काकांना थांबवलं. ओठ सावकाश हलले, तीनच शब्द.

आई काय म्हणाली, असं लेकीने विचारलं.

“गप्प बसा जरा, म्हणतेय,” काकांनी सांगितलं. ते काकूंच्या समोर खुर्ची ओढून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. “नाही बसणार.”